टिपणीस टाइम

श्यामकांत टिपणिसांना या घड्याळातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, कारण त्यांनी स्वतः ते केव्हाच मांडून ठेवलं होतं. पैसा नव्हे. पैशाचं त्यांना वावडं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण अंधेरीत, चकाल्याच्या रस्त्यावर, बंद पडून एक पिढी लोटलेल्या तुळजाराम मिलच्या मनोऱ्यातून कबुतरांच्या विष्ठेखेरीज काही निघणार नाही, एवढं विमा कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसाला कळतं. त्यांना हवा होता एक संगमरवरी दगड. मनोऱ्याच्या पायाशी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्यावर नाव: कै. मार्तंडराव टिपणीस. वडिलांचं. आता त्यातलं 'मार्तंडराव' वडिलांचं असलं तरी 'टिपणीस' दोघांच्या सामाईक मालकीचं होतं, आणि वडील कधीच वर गेल्यामुळे वहिवाट मुलाकडेच होती. शिवाय मुलगी अनुपमा लग्नाची होती. बघायला येणारी माणसं विचारत, "टिपणीस म्हणजे कुठले?" त्यावर "विमा कचेरीतले" या उत्तराने आजवर एकही व्याही खुर्चीत पुढे सरकून बसला नव्हता. "घड्याळवाले टिपणीस" म्हटल्यावर सरकला असता. निदान श्यामकांतांचा तसा अंदाज होता.

खर्चाची बाजू कोरी. वर्गणी लोक देणार, दुरुस्ती घड्याळजी करणार, अध्यक्ष श्यामकांत होणार. इतका चोख व्यवहार त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

वडिलांच्याच नावाचा हक्क का, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं. मार्तंडराव मिलचे टाइमकीपर. सकाळी फाटकाशी उभं राहून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाचा खाडा मांडायचा हे ठरवणारा माणूस. मालक म्हणजे देव, तो कोणाला दिसत नसे. टाइमकीपर म्हणजे पुजारी, तो दिसे आणि देवाची मर्जी तोच सांगे. आणि मार्तंडराव गेले तरी त्यांची कीर्ती राहिली होती, तीही लोकांच्या जिभेवर. आसपासच्या गावठाणांत, बाजारात, कोळशाच्या वखारीत 'टिपणीस टाइम' हा शब्द चालू होता. श्यामकांत तो लहानपणापासून ऐकत आले होते. एखादी बाई वखारवाल्याला म्हणे, "टिपणीस टायमानं तोलू नको रे, बाबा." यावरून श्यामकांतांनी काढलेला अर्थ असा की आपले वडील इतके काटेकोर होते की लोकांना तो काटेकोरपणा सोसवत नव्हता, जरा सैल हाताने दे, असं ती बाई सांगत होती. कचेरीत ते सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत, "आमच्या अंधेरीत वक्तशीरपणाला आमचं आडनाव आहे."

तर या भांडवलावर मंडळ निघालं. 'तुळजाराम मिल घड्याळ जीर्णोद्धार मंडळ.' जीर्णोद्धार हा शब्द देवळाचा, पण त्यावर कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायला तिघेच जण होते. अध्यक्ष श्यामकांत. चिटणीस नंदकिशोर वर्दे, त्यांचे गल्लीतले बालमित्र, रेल्वेच्या मालधक्क्यावरून नुकतेच निवृत्त झालेले. खजिनदार चंद्रप्रकाश लोटलीकर, राहायला बोरिवलीला, पण नोकरीला म्युनिसिपालिटीच्या इथल्या वॉर्ड कचेरीत, म्हणून कामाचा माणूस. पहिल्याच बैठकीत वर्द्यांनी मंडळाचं ध्येय थोडक्यात मांडलं. "पार्ल्याला व्याख्यानमाला आहे. आपल्याकडे काय आहे? डास. काहीतरी ऐतिहासिक नको का माणसाला?"

बैठका टिपणिसांच्या गॅलरीत होत. चहा कुंदाताई करत. ठराव होत, पण ते बहुतेक मागच्या बैठकीतले ठराव रद्द करण्याचे. याला कारण वेळ.

त्या काळात मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. रेल्वे, पोस्ट, रेडिओ हे सगळे स्टँडर्ड टाइमवर. जुनी माणसं त्यालाच रेल्वे टाइम म्हणत. म्युनिसिपालिटी मात्र आपल्या जुन्या मुंबई टाइमला धरून बसलेली, म्हणजे चाळीसेक मिनिटं मागे. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' असं छापावं लागे, नाहीतर निम्मी मंडळी अक्षता टाकायला आणि निम्मी पत्रावळी उचलायला पोचत.

"घड्याळ स्टँडर्ड टाइमच दाखवणार," वर्दे म्हणत. "रेल्वेने सबंध देश एका वेळेवर आणला. तुमच्या मुंबई टाइमने काय आणलं? कचऱ्याची गाडी, तीही उशिरा."

"मनोऱ्याची परवानगी आमच्या कचेरीतून आलीय, वर्देसाहेब," लोटलीकर मऊ आवाजात म्हणे. "आमच्याच हद्दीत आमच्यापुढे चाळीस मिनिटं पळणारं घड्याळ? साहेब परवानगी काढून घेतील."

"घ्या म्हणावं."

"मग कबुतरांना कळवून टाकू का, राहा म्हणून?"

श्यामकांत दोघांनाही हात वर करून गप्प करत. त्यांना कुठलाही टाइम चालला असता. दगड कधी बसतो एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वर्गणीसाठी मंडळ एका रविवारी पूर्वेच्या गावठाणात गेलं. ही जुनी ख्रिस्ती वस्ती, मराठी बोलणारी, भातशेती आणि मासळी करणारी; तुळजाराम मिल चालू होती तेव्हा घरटी एक-दोन माणसं मिलमध्ये होती. मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून माणसं देवळाबाहेरच्या क्रुसापाशी उभी होती. मध्ये कॉन्सेप्टाबाय, लाल लुगड्यातली, साठीला आलेली. कोवळ्या वयात मिलच्या रिळाच्या खात्यात लागलेली ती, मिलला कुलूप लागलं तेव्हाच बाहेर पडलेली. गावठाणात तिचा शब्द पादऱ्याच्या शब्दाच्या आधी ऐकला जाई.

"बाय, मिलचं घड्याळ चालू करतोय," श्यामकांत म्हणाले.

"करा की. आमी कुठं धरून ठेवलाय?"

"त्याला वर्गणी लागेल."

"ती आली ध्यानात. इस्तरीचा धोतर बगितला तवाच आली."

माणसं हसली. श्यामकांतही हसले, कारण अध्यक्षाने खेळीमेळीने घ्यायचं असतं. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी सांगितलं की मनोऱ्याला वडिलांचं नाव द्यायचं ठरलंय. हसू एकदम थांबलं.

"टायमकीपर मार्तंडचा? घड्याळाला?"

"त्यांचंच. आणि खाली मोठ्या अक्षरांत, तुम्ही लोक जे प्रेमाने म्हणता ते. 'टिपणीस टाइम'."

कोणीतरी टोपी तोंडावर धरून खोकलं. कॉन्सेप्टाबायची सून बेला, जी टिपणिसांकडेच धुणीभांडी करायची, पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. कॉन्सेप्टाबाय मात्र श्यामकांतांच्या तोंडाकडे बघत राहिली, थट्टा कुठे लपलीय ते शोधत. थट्टा नव्हतीच.

"दगडावर लिवनार?"

"संगमरवरावर. कोरून."

"पुसनार नाय?"

"शंभर वर्षं हलायचं नाही, बाय."

"मंग दगड आमच्याकडं लागला," कॉन्सेप्टाबाय म्हणाली. "आख्ख्या दगडाचा आमी देतो. पन ते दोन शब्द गाळायचं नाय. बोली झाली?"

"बोली झाली," श्यामकांत म्हणाले, आणि परतताना वर्द्यांना म्हणाले, "बघितलंस? जुन्या माणसांत अजून कदर आहे." वर्द्यांनी रस्त्यावरच्या एका बैलगाडीकडे फार लक्ष देऊन बघितलं.

वाचकाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. जी गोष्ट अंधेरीत श्यामकांत सोडून सगळ्यांना ठाऊक होती ती अशी. मिलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मुंबई टाइम दाखवी. मार्तंडरावांच्या खिशातलं घड्याळ रेल्वे टाइम दाखवी, म्हणजे वरच्याच्या पुढे. सकाळी फाटक बंद करायचं ते खिशातल्या घड्याळावर. संध्याकाळी भोंगा वाजवायचा तो मनोऱ्यावरच्या घड्याळावर. माणूस वर बघून वेळेत आला म्हणून फाटकाशी धापा टाकत पोचावा, तर फाटक बंद आणि अर्ध्या दिवसाचा खाडा. आणि खिशातल्या घड्याळाप्रमाणे सुटायची वेळ झाली म्हणावं, तर वर बोट. येताना रेल्वे टाइम, जाताना मुंबई टाइम. दोन्ही घड्याळं खरी, एकही मिनिट खोटं नाही, आणि तरी रोजची चाळीसेक मिनिटं मालकाच्या पदरात. याला लोक टिपणीस टाइम म्हणत. पुढे मिल गेली, शब्द राहिला, आणि जो कोणी दोन मापं वापरून दोन्ही बाजूंनी खातो त्याला लागू पडत गेला. कोळशाच्या वखारीतली ती बाई काटेकोरपणाची तक्रार करत नव्हती.

शहरातून एक पारशी घड्याळजी आणला. त्याने मनोऱ्यात चार दिवस काढून सांगितलं की यंत्र अस्सल विलायती आहे, चालेल. पण तबकड्या चारांपैकी दोनच वाचतील. वर्गणीही दोहोंपुरतीच होती. उत्तर-दक्षिणेच्या भोकांना पत्रे ठोकायचं ठरलं. राहिल्या पूर्व आणि पश्चिम. आणि मग लोटलीकरच्या सुपीक डोक्यातून, गॅलरीतल्या एका रविवारी सकाळी, तोडगा निघाला.

"पश्चिमेची तबकडी स्टेशनकडे बघते. तिच्यावर स्टँडर्ड टाइम, वर्देसाहेबांसाठी. पूर्वेची गावठाणाकडे आणि आमच्या कचेरीकडे बघते. तिच्यावर मुंबई टाइम. काटे वेगवेगळे लावता येतात, मी घड्याळजीला विचारलंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डीकरा, दोन बायडी ठेवाचा तर ठेव, पण पाठीला पाठ लावून ठेव."

श्यामकांतांना तोडगा फार आवडला. कोणी हरलं नाही, परवानगी शाबूत, दगड बसायला मोकळा. त्यांनी ठराव सांगायला सुरुवात केली, आणि वर्द्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. चहा बशीत सांडला.

"काय रे झालं?"

"काही नाही. श्याम, बापाचाच कित्ता गिरवलास की."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? येताना रेल्वे टाइम, जाताना मुंबई टाइम." श्यामकांत नुसते बघत राहिले, तेव्हा वर्द्यांचं हसू ओसरलं. "तुला खरंच ठाऊक नाही? मला वाटायचं तू सोंग घेतोयस."

मग वर्द्यांना सांगावं लागलं, आणि त्यांनी सांगितलं, मालाची यादी वाचावी तसं.

"हे सगळ्यांना ठाऊक आहे?" श्यामकांतांनी विचारलं.

"लोटलीकर बोरिवलीचा. त्यालासुद्धा ठाऊक आहे."

लोटलीकर बशीत बघत होता.

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तू अध्यक्ष. अध्यक्षाला कोण सांगतं? आणि सांगितलं असतं तर तू मंडळच सोडलं असतंस. मग परवानगीसाठी जिने कोण चढणार होतं, मी? माझे गुडघे बघ."

मंडळी गेल्यावर श्यामकांत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. कुंदाताई कप विसळत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या वर्षीच. कोळसेवाल्याने सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती आनंदाने सांगत फिरत होतात ते," कुंदाताई म्हणाल्या. "आणि मला कधी विचारलंत का?"

विचारलं नव्हतं हे खरंच होतं. श्यामकांतांनी तो विषय तिथेच सोडला. त्यांच्यापुढे दगडाचा विषय होता. दगड कोरून झाला होता. पाथरवटाकडे गोणपाटाखाली पडून होता, नाव आणि त्याखाली ते दोन शब्द, नावापेक्षा ठळक, कारण ठळक करा असं श्यामकांतांनीच बजावलं होतं. मनात आणलं तर ते दोन शब्द घासून टाकता आले असते. पण दगड गावठाणाचा होता.

ते गेले तेव्हा कॉन्सेप्टाबाय अंगणात वर्षाचा मसाला कुटत बसली होती. उखळातून मिरच्यांचा खकाणा उठत होता. श्यामकांतांनी तोंड उघडलं आणि आधी तीनदा शिंकले.

"बाय, ते दोन शब्द काढू या."

"कंचे?"

"तुम्हाला ठाऊक आहे कंचे."

"तुना कोनी सांगितला?"

"वर्द्यांनी."

"वर्द्याच्या पोटात कधी काय ऱ्हायलाय." तिने मुसळ खाली ठेवलं. "इतकी वर्सं ऱ्हायला हेच लय."

"वडील नोकर माणूस होते, बाय. मालकाने सांगितलं ते त्यांनी केलं."

"मालकानं सांगितला आसंल. पन घड्याळ तुझ्या बापाच्या खिशातला व्हता. माझी आय तापात पडली व्हती. वरच्या घड्याळात सात वाजायला आले तवा मी फाटकावर पोचली. पळत. फाटक बंद. त्यानं खिशातला घड्याळ काढला, मना दाखवला, आन हसला. ती चेन अजून डोळ्यांपुढं हाय. मिलचे पैसे मालक खात व्हता, ते जाऊ दे. पन हसाया त्याला कोनी पगार देत नव्हता."

श्यामकांत शिंकले. वडील हसत, हे त्यांना नवीन होतं. घरात ते कधी हसलेले त्यांना आठवत नव्हते.

"मग त्यांचं नावच नको," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही काढू. दगड कोरा."

"ठेव की कोरा. नायतर दोनी ठेव. नाव तुझ्या बापाचा, शब्द आमचा. येकट्या नावाला दगड नाय मिळनार." आणि मुसळ पुन्हा चालू झालं.

आता इथे माणसाची परीक्षा होती. कोरा दगड ठेवला तर अब्रू राहत होती आणि नाव जात होतं. दोन्ही ठेवलं तर नाव राहत होतं; अब्रू गेली होती ती अशीही गेलीच होती. श्यामकांत गावठाणातून घरापर्यंत चालत आले तेवढ्या वेळात त्यांनी हिशेब केला, आणि हिशेबात ते कच्चे नव्हते. ज्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे त्यांची वयं बघा. कॉन्सेप्टाबाय किती पावसाळे काढणार? वर्दे किती? त्यांच्यामागून येणाऱ्यांना दगड वाचता येईल, टोमणा वाचता येणार नाही. अजून वीस वर्षांनी चकाल्याच्या रस्त्यावर एखादा मास्तर पोरांना सांगेल, बघा रे, केवढा वक्तशीर पुरुष होऊन गेला. माणसं मरतात, दगड राहतो. बापाला फक्त वाट बघायची होती, आणि त्याला आता दुसरं काम नव्हतं.

त्यांनी पाथरवटाला निरोप पाठवला: आहे तसाच बसवा.

उद्घाटनाला म्युनिसिपालिटीतले एक बडे साहेब आले. साहेब मलबार हिलचे, त्यांनी दगड वाचला आणि खूश होऊन म्हणाले की आपल्या गावच्या वक्तशीर माणसाचं नाव वेळेलाच देणारं गाव त्यांनी दुसरं पाहिलं नाही. गावठाणाने टाळ्या वाजवल्या. त्या इतक्या वेळ चालल्या की साहेबांना वाटलं आपलं भाषण रंगलं. श्यामकांतांनी आभार मानताना 'शिस्त' हा शब्द बऱ्याच वेळा वापरला आणि पहिल्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही. तिथे कॉन्सेप्टाबाय खुर्चीत बसली होती, दगडाची देणगीदार म्हणून गळ्यात हार घालून.

अनुपमाला दादरचं स्थळ आलं. "घड्याळवाले टिपणीस," असं ओळख करून देणाऱ्याने सांगितलं. मुलाचे वडील खरोखरच खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "म्हणजे ते येताना-जाताना वाले?" त्यांचे मामा परळच्या मिलमध्ये होते; शब्द तिथवर पोचला होता. लग्न तरीही जमलं, कारण मुलाने अनुपमाला तिच्या कचेरीत आधीच पाहून ठेवली होती. त्यात घड्याळाचा हात सोडा, काटासुद्धा नव्हता.

आणि घड्याळ चालू लागलं. एका अंगाने रेल्वे टाइम, दुसऱ्या अंगाने मुंबई टाइम, खाली संगमरवर.

दोन-तीन आठवडे गेले असतील. बेला सकाळी सातला कामाला यायची आणि दहाला जायची, हा जुना करार. एके दिवशी कुंदाताईंनी तिला विचारलं, "बेला, सात म्हणजे सात ना गं?"

"सातलाच आली, बाई. वरती बघून आली."

"कुठल्या वरती?"

"येताना समोर दिसतो त्याच्यात."

येताना, म्हणजे गावठाणातून, समोर पूर्वेची तबकडी दिसे. घरातल्या घड्याळात तेव्हा पावणेआठ व्हायला आले होते. मग दोनेक तासांनी बेलाने कपड्यांचे पिळे तसेच टाकून हात पुसले.

"जाते. दहा वाजले."

"आत्ताशी कुठे आलीस. दहा कसे वाजतील?"

"ते काय, तुमच्याच गॅलरीतून दिसतंय." दिसत होतं. पश्चिमेची तबकडी, स्टँडर्ड टाइम, दहा. "साहेबांनी दगडावर लिवूनच ठेवलंय ना बाई, टिपणीस टाइम. आमी फक्त उलटा फिरवलाय."

कुंदाताईंनी हे श्यामकांतांना सांगितलं. श्यामकांतांनी बेलाला बोलावून चांगलं खडसावायचं ठरवलं. मग काय बोलणार याचा विचार केला. घड्याळ खोटं म्हणता येईना, ते त्यांनीच लावलं होतं. एकच टाइम धर म्हणता येईना, दोन टाइमांच्या ठरावावर त्यांचीच सही. येताना एक आणि जाताना दुसरा ही लबाडी आहे, असं मात्र म्हणता आलं असतं. आणि तेवढंच वाक्य त्यांच्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं.

एकट्या बेलाचं नव्हे. गावठाणातून जी जी माणसं पश्चिमेच्या वस्तीत कामाला येत, भांडीवाल्या, माळी, रंगारी, त्या सगळ्यांना ही युक्ती न शिकवता आली. वॉर्ड कचेरीतल्या कारकुनांनाही आली. ते पूर्वेच्या तबकडीवर येत आणि पश्चिमेच्या तबकडीवर सुटून स्टेशन गाठत, सगळ्यांच्या पुढे लोटलीकर. वर्दे चिडून म्हणाले की काटे एक करा. श्यामकांतही म्हणाले, करा. पण मनोऱ्यात चढून चावी द्यायचं काम मंडळाने पहिल्याच महिन्यात गावठाणातल्या रेमंडच्या गळ्यात घातलं होतं, कारण मंडळात चढणारं कोणी नव्हतं. रेमंड म्हणाला, "मला चावी द्यायला सांगितलंय, काट्याला हात लावायला नाय. ठराव दाखवा." घड्याळजीला बोलवायचं तर पुन्हा वर्गणी. गावठाणाने या वेळी काही दिलं नाही. कॉन्सेप्टाबायचा निरोप आला, आमचा बरा चाललाय.

पुढे म्युनिसिपालिटीनेही मुंबई टाइम सोडला आणि सबंध शहराची वेळ एक झाली. लोटलीकरने पूर्वेच्या तबकडीबद्दल फाइल चढवली. फाइल वर गेली, आणि ज्या गतीने गेली ती पाहता लोटलीकरला तिची घाई नसावी. पूर्वेची तबकडी जगात कोणाचीच नसलेली वेळ दाखवत राहिली, आणि गावठाण ती पाळत राहिलं.

तर आता हिशेब. गावठाणाने दगडाचे दिले, आणि ते रोज सकाळी वसूल होत होते. वर्द्यांनी काही दिलं नाही. हसू मात्र पोटभर घेतलं. लोटलीकर फायद्यात. मार्तंडराव आपला पगार घेऊन कधीच गेलेले. श्यामकांतांना नाव मिळालं, हवं होतं तिथे, हवं त्या उंचीवर. फक्त बाजारात जाताना ते आताशा पलीकडच्या फुटपाथने जात, आणि याला खर्च म्हणायचं की नाही ते त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांचा सकाळचा चहा पूर्वीच्याच वेळेला लागे, नाश्ता पूर्वीच्याच वेळेला, आणि दोन्हींना भांडी लागत. बेला यायला अजून अवकाश असे. तेवढा वेळ कुंदाताई मोरीत पाट टाकून बसत आणि रात्रीची भांडी राखेने घासत. सासऱ्यांनी फाटकाशी उभं राहून घेतलेली मिनिटं होती ती. ते वारले त्यानंतर लग्न होऊन आलेली, त्यांना कधी न पाहिलेली ही सून ती परत करत होती, रोजची चाळीसेक, आणि मुद्दल किती राहिलंय हे तिला सांगणारं कोणी नव्हतं.